चट्ट्यापट्ट्याचं लिंबू

निलोफर बारगीरनं मिरजेहून लिंबू आणलं,
रुमालात गुंडाळून, अंडं आणावं तसं.
हिरव्यावर पांढुरक्या उभ्या रेघा,
जणू कलिंगडाचं पोर.
म्हणाली, रस काढ खुशाल, बिया टाकू नकोस.

अकरा निघाल्या. दोन पोचट.
नऊ धुतल्या, बुळबुळ जाईपर्यंत,
वरची साल नखानं सोलली
(ओली असतानाच सुटते, वाळली की हट्टाला पेटते),
आणि ओल्या फडक्यात घालून
श्रीखंडाचा डबा ठेवला टीव्हीच्या सेटटॉप बॉक्सवर,
तासगावच्या या दुसऱ्या मजल्यावर
माघात तेवढीच एक उबदार जागा.
झाकणावर तारीख घातली. पतपेढीची सवय.

सोळाव्या दिवशी पहिली शेपटी.
दोन बिया कुजल्या. एकीतून मात्र तीन रोपं,
एकाच पांघरुणात झोपलेली भावंडं.
सगळी मिळून नऊ.
आठ हिरवीगार, कुठल्याही लिंबाची असावीत अशी.
आणि एक पांढरं.

पांढरं म्हणजे किती पांढरं?
खोबऱ्याच्या आतल्या अंगासारखं, देठापासून टोकापर्यंत.
शेजारच्या मुली बघायला आल्या.
फोटो काढले. हात लावू का, विचारलं.
मी त्याला सगळ्यांत चांगली जागा दिली, खिडकीतली,
चमच्यानं पाणी घातलं.
दोन पानं आली, कागदासारखी.
तिसरं आलंच नाही.
बीमधली शिदोरी संपली आणि त्याला स्वतः रांधता येत नव्हतं.
एकेचाळिसाव्या दिवशी मान टाकली.
श्रीखंडाच्या डब्यावर ती तारीखही लिहिली.

माझ्या उजव्या हाताची तीन बोटं अशीच आहेत,
आठवीत असल्यापासून.
आईनं बावचीचं तेल लावून गच्चीवर उन्हात बसवलं,
दोन उन्हाळे. फोड आले, रंग आला नाही.
बावची नावाचं गावसुद्धा आहे आपल्याकडं, वाळव्यात.
तिथून स्थळ आलं होतं. परत गेलं.
काउंटरवर अजून काहीजण
पैसे माझ्या हातात न देता काचेवर ठेवतात,
मी काचेवरून उचलते, मोजते, शिक्का मारते.
फोटो कुणी मागितला नाही.

भाद्रपदात झांबरे आले, रक्कम काढायला.
द्राक्षाची कलमं बांधणारा माणूस,
अंगठ्याला पट्टी, खिशात चाकू.
मी कुंडी टेबलाखालीच आणून ठेवली होती:
हिरव्या आठांतलं एक, त्याच्या सातव्या पानावर
कुणी चुन्याचं बोट पुसावं तेवढा पट्टा.
त्यांनी चष्मा वर केला.
"ताई, हितं डोळा हाय बघा, ह्याच पानाच्या बगलंत.
वरचं सगळं उडवा.
मग हा डोळा फुटंल, आला तर पट्ट्याचा यील."
आणि नाही आला तर?
"नाही आला तर लिंबू हायच की."
पैसे घेतले, माझ्या हातातून, मोजले नाहीत.
जाता जाता म्हणाले,
"निम्मं हिरवं राह्यलं पायजे बघा. निम्म्याच्या जिवावर निम्मं."

रात्री कात्री उकळत्या पाण्यात बुडवली.
सात महिने वाढवलेला शेंडा, पाच पानं,
एकाही पानाची काही चूक नाही.
कापताना आवाज इतका बारीक झाला
की शेजारच्या सिरियलमध्ये विरून गेला.
खोलीभर लिंबाचा वास.

शेंडा टाकवेना. चहात घातला.
थोडा कडू झाला, तरी प्यायले,
पांढऱ्या बोटांत कप धरून.

आज नववा दिवस.
डोळा मोहरीएवढा फुगलाय.
रंग अजून सांगता येत नाही.